पाणी शिरले, की त्याची वाट बुजवली?

आपण लिहिले आहे की भांडुपच्या खाडीकाठच्या एका वस्तीत आपल्या गटाने दोन महिने खपून पाहणी केली, तिवरांत, म्हणजे खारफुटीत, राडारोडा ओतणाऱ्या डंपरची मोजदाद केली आणि तक्ते करून सभेत मांडले, तेव्हा लोकांनी माना डोलावल्या आणि ते घरी गेले. पुढच्या सभेत मात्र एका आजींनी लहानपणी त्याच चिखलात आपण निवट्या (चिखलातले छोटे मासे) आणि चिंबोऱ्या (खेकडे) कशा धरत असू हे सांगितले, आणि गप्प बसणारी माणसे एकाएकी बोलू लागली. गोष्टींमुळे परिसर आणि समाज खरोखर बदलतो, की लोक तेवढ्यापुरते हळवे होतात, आणि बदलत असेल तर कार्यकर्त्यांनी लोकांच्या आठवणी अशा वापरणे योग्य आहे काय, असा आपला प्रश्न आहे.

मी सुमारे पंचवीस वर्षे मुंबईतल्या वस्त्यांमध्ये पाणी, कचरा आणि घरे या प्रश्नांवर जनसुनावण्या घेण्याचे आणि वस्तीच्या नोंदी करण्याचे काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते की गोष्टींमुळे बदल नक्की होतो, पण तो भल्याच्या दिशेने होतो तसाच बुऱ्याच्याही दिशेने होतो. आपल्या तक्त्यांना दाद मिळाली नाही, याचे कारण लोकांना आकडे समजत नाहीत हे नव्हे. त्या जागेविषयीची एक गोष्ट त्यांच्या मनात आधीपासून होती: ती दलदल आहे, तिथे डास होतात, तिथे कोणी राहत नाही, आज ना उद्या भराव पडणारच. या गोष्टीत डंपरचा आकडा निमूटपणे जाऊन बसतो. आजींच्या बोलण्याने त्या चिखलावर कुणाचे तरी पोट भरत होते हे लोकांना दिसले, आणि तेव्हा कुठे आपला आकडा त्यांच्या लेखी नुकसानीचा आकडा झाला.

नव्या कार्यकर्त्यांना मी पहिल्यांदा क्रियापदे ऐकायला सांगते. आपण सर्रास म्हणतो की पाणी घरात शिरले, बिबट्या वस्तीत शिरला, समुद्र कोळीवाड्यात शिरला. जो शिरतो तो परका ठरतो आणि ज्याच्याकडे शिरतो तो त्या जागेचा मालक ठरतो. म्हणजे जागा मुळात कोणाची, याचा निवाडा त्या एका शब्दात होऊन गेलेला असतो. 'नाला बुजला' आणि 'नाला बुजवला' यांचेही तसेच आहे. पहिल्या वाक्यात नाला आपला आपणच बुजतो, आणि दुसऱ्यात 'व' हे एक अक्षर वाढताच 'कोणी?' हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. लोकांच्या बोलण्यात हा 'व' कधी येतो, याकडे माझे लक्ष असते.

मुंबईतल्या मिठीचे आणि तिच्या पुराचे उदाहरण घेऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर झाला. त्यानंतर या शहरात एकाच वेळी अनेक गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. निसर्गाच्या कोपापुढे कोणाचे काय चालणार, ही एक. दुसरी 'मुंबई स्पिरिट'ची: अनोळखी माणसांना लोकांनी घरात घेतले, रस्त्यावर चहा-बिस्किटे वाटली, कमरेइतक्या पाण्यात साखळी करून एकमेकांना पलीकडे नेले. यातले अक्षर न अक्षर खरे आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. पण ही गोष्ट 'आणि मुंबई पुन्हा उभी राहिली' या वाक्यावर संपते, आणि ते वाक्य आले की विचारायचे काही उरत नाही. शहरातल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी असे सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ मध्येच तयार होता. बारा वर्षे तो आकडा कागदावर होता. आपल्या तक्त्यांचे जे झाले तेच त्याचेही झाले.

तिसरी गोष्ट मात्र काही बदलून गेली, आणि ती म्हणजे मिठी ही नदी आहे ही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या या प्रवाहाला त्याच्या काठी जन्मलेली माणसेसुद्धा 'नाला' म्हणत होती. नाल्यात कचरा टाकताना कोणाला काही वाटत नाही. नदी म्हटले की उगम आला, पात्र आले, पूररेषा आली. २००५ च्याच ऑगस्टमध्ये मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले, आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने पुराची कारणे तपासली. तिवरांचेही असेच झाले: कालपर्यंत दलदल म्हणून हिणवलेल्या जागेकडे पाणी धरून ठेवणारी, लाटा अडवणारी म्हणून लोक पाहू लागले.

पण नदीच्या या गोष्टीच्या पोटातच 'झोपड्यांनी नदी अडवली' ही चौथी गोष्ट आली. मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते. वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहताना तिच्या मुखाजवळची दलदल भरली गेली. हे सगळे कागदोपत्री आहे. तरीही लोकांच्या तोंडी नदी अडवणारा म्हणून झोपडीवाला एकटाच राहिला, कारण तोच काठावर दिसत होता. अनेकांची घरे गेली आणि दोन्ही तीरांवर काँक्रीटच्या भिंती आल्या. नदीला तिचे नाव मिळाले, पण तिला अडवणाऱ्यांची यादी अर्धीच राहिली. बदल घडवणाऱ्या गोष्टीतसुद्धा कर्ता चुकीचा नेमला गेला तर तिची शिक्षा सर्वांत दुबळ्या माणसाला होते, हे मी तिथे शिकले.

त्याच काळातला एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण आपल्याला पुढे काय करता येईल ते त्यात आहे. २००६ च्या पावसाळ्याआधी कुर्ल्यात मिठीच्या काठच्या एका वस्तीत आम्ही निवेदन तयार करत होतो. विषय लिहिला होता, 'मिठी नदीचे पाणी वस्तीत शिरण्याबाबत'. बैठक चालू असताना एक बाई म्हणाल्या, "ताई, मिलिमीटर-बिलिमीटर मला नाही कळत. माझी रेघ बघायला चला." त्यांच्या घरात भांड्यांच्या मांडणीमागे भिंतीवर लाल नखपॉलिशची आडवी रेघ होती. दिवाळीला घराला रंग दिला तेव्हा त्यांनी ब्रशच्या रुंदीएवढी पट्टी तशीच ठेवली होती, आणि तिच्यावर पाण्याने आणलेला मातकट डाग अजून दिसत होता. रेघेच्या खाली वीतभर अंतरावर पेन्सिलची एक छोटी खूण होती. "ही आमच्या बाळ्याची उंची. त्या जूनमधली," त्या म्हणाल्या. "पोटमाळ्यावर टाकला होता त्याला, म्हणून आहे."

तासाभरात गल्लीतली माणसे आपापली रेघ दाखवायला ओढू लागली. कोणाच्या कपाटाला गंजाची रेषा होती, कोणाच्या दारच्या चौकटीचे लाकूड तेवढ्या उंचीपर्यंत फुगले होते, एका घरात वडिलांचा फोटो निम्मा पांढरा पडला होता. आम्ही टेपने उंची मोजू लागलो, तेव्हा वस्तीतल्या एका गवंड्याने आम्हाला थांबवले. प्रत्येकाचा उंबरठा वेगवेगळ्या उंचीचा आहे, कोणी दोनदा कोबा केला आहे, मग या मापांची तुलना कशी होणार, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते बिनतोड होते. तो घरून लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन आला, तिच्यात पाणी भरले, आणि रविवारच्या एका सकाळी एका घराची रेघ दुसऱ्या घराशी पडताळत आम्ही सगळी वस्ती फिरलो. पाणी नदीच्या काठाला सर्वांत उंच चढले असेल असे आम्ही धरून चाललो होतो. सर्वांत उंच रेघा निघाल्या नदीपासून तीन गल्ल्या आत, एका गोदामाच्या भिंतीलगत, जिथे नाल्याचे तोंड भराव घालून बंद केलेले होते. तिथे पाणी चढले सर्वांत उंच आणि थांबलेही सर्वांत जास्त दिवस. नदी आत आली नव्हती. वस्तीतले पाणी बाहेर पडू शकले नव्हते.

निवेदनाचा विषय आम्ही त्याच बैठकीत खोडला आणि लिहिले, 'नाल्याचे तोंड बुजवल्याबाबत'. पहिल्या विषयाचा अर्ज कोणत्याही कार्यालयाला 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून फाइलबंद करता आला असता. दुसऱ्यावर जागेची पाहणी करणे भाग होते. दोन पावसाळे गेले, या खात्यातून त्या खात्यात फेऱ्या झाल्या, पण तोंड मोकळे झाले. सुरुवात त्या बाईंच्या रेघेने झाली होती, आणि गवंड्याची नळी नसती तर ती रेघ सहानुभूतीपुरतीच उरली असती.

बिबट्याची हकीकत याच्या जोडीला ठेवावीशी वाटते, कारण तिथे गोष्ट बदलण्याचे काम जाणीवपूर्वक झाले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २००४ च्या जूनमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले. 'नरभक्षक', 'घुसखोर' असे मथळे येत होते, आणि अशा मथळ्यांतून पिंजरा लावण्याशिवाय दुसरी मागणी निघत नाही. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवले होते की पकडून दूर नेऊन सोडलेल्या बिबट्यांमुळे, जिथे ते सोडले त्या परिसरात हल्ले वाढले. म्हणजे लोकांना दिलासा वाटावा म्हणून केलेला उपाय धोका वाढवत होता. २०११ पासून वनविभागाने मुंबईकर नागरिक आणि अभ्यासकांना बरोबर घेऊन काम सुरू केले. त्यांनी पत्रकारांच्या कार्यशाळा घेतल्या, सोसायट्यांमध्ये बैठका घेतल्या. कचरा उघडा टाकला की कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, बिबट्या नुसता दिसला तर गर्दी करू नये, लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नये, इतक्या साध्या गोष्टी तिथे सांगितल्या जात होत्या. हळूहळू मथळ्यांत 'शिरला' ऐवजी 'दिसला' येऊ लागले. एवढासा फरक, पण 'शिरला' ऐकले की पिंजऱ्याची मागणी होते, आणि 'दिसला' ऐकले की आता काय काळजी घ्यायची हा विचार सुरू होतो.

उद्यानालगतच्या आरे वसाहतीतल्या आणि उद्यानातल्या पाड्यांवर ही गोष्ट कोणाला नव्याने सांगावी लागली नाही. वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांत वाघोबा हा देव आहे. वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवला जातो, आणि त्याचे त्याला मिळाले म्हणजे तो आपल्या वाटेला जाणार नाही, असा तो करार आहे. त्यांच्या गोष्टीत कोणीच कोणाकडे शिरत नाही, कारण जागा दोघांची आहे. तरीही मला एक सावधगिरी येथे नोंदवलीच पाहिजे. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये सोळा महिन्यांच्या एका मुलीचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. सहजीवनाची गोष्ट अठराव्या मजल्यावरून सांगणे सोपे असते. तिची किंमत मात्र जिथे रात्री उजेड नाही आणि शौचाला बाहेर जावे लागते तिथे मोजली जाते. म्हणून वाघोबाची गोष्ट सांगताना पाड्यावरच्या दिव्यांची आणि शौचालयांची मागणी तिला जोडलेली नसेल, तर ती गोष्ट मी अपुरी मानते.

आता आपल्या प्रश्नाच्या सामाजिक बाजूकडे येते. नुसता कागद आणि नुसती गोष्ट या दोहोंचे काय होते, हे महाडइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसले नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला, आणि महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागद पक्का होता, पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते, कारण 'यांच्या स्पर्शाने पाणी बाटते' ही गोष्ट जागच्या जागी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत चवदार तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. त्या कृतीनेच नवी गोष्ट तयार झाली, आणि ती जलशांतून, शाहिरांच्या कवनांतून गावोगाव गेली. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याची 'शुद्धी' केली गेली, खटला झाला, आणि उच्च न्यायालयात अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठराव चार वर्षे निजून होता तो त्या ओंजळीने जागा केला, आणि त्या ओंजळीला पुढे दहा वर्षे न्यायालयाचा आधार शोधावा लागला. आपल्या तक्त्यांना आणि आजींना एकमेकांची गरज आहे, असे मी म्हणते ते हे पाहून.

'वापरणे' या आपल्या शब्दाविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण आपल्याला तो खुपला हे चांगले लक्षण आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एक चूक केली. एका जनसुनावणीत डंपिंगलगत राहणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या एका बाईंना मी बोलायला उभे केले. त्या रडल्या, सभागृह हळहळले, दुसऱ्या दिवशी त्यांचा रडतानाचा फोटो छापून आला. आठवड्याने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मी पगाराचं आणि ओळखपत्राचं बोलायला आले होते. तुम्ही खोकल्याचं विचारलंत." त्या दिवसापासून मी बोलणाऱ्याला आधी विचारते की तुम्हाला काय सांगायचे आहे, शेवटी कोणती मागणी यायला हवी आहे, आणि कोणती गोष्ट या खोलीबाहेर जाऊ नये. जे लिहिले ते त्यांना वाचून दाखवते, आणि त्यांनी नको म्हटले तर ते पान काढून टाकते. आठवण ही सांगणाऱ्याची मालमत्ता आहे, ती उसनी घेतली तर परत करायची असते. ज्या घरातून गोष्ट घेतली तिथे तिचा निकाल काय लागला हे सांगायला जाणे, हे मी कामाचाच भाग समजते.

एका नायकाची गोष्टही जपून सांगावी. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने जी सफाई झाली ती विलक्षण होती, आणि २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली तेव्हा मलाही भरून आले. पण तीच गोष्ट 'एका माणसाने किनारा बदलला' अशी सांगितली गेली, तर दर शनिवार-रविवारी वाकून प्लास्टिक उपसणारे शेकडो हात आणि रोज कचरा उचलणारे पालिकेचे कामगार तिच्यातून गळतात, आणि नाल्यांतून समुद्रात प्लास्टिक येतेच कसे हा प्रश्नही गळतो. ऐकणारा टाळ्या वाजवतो आणि आपल्या वस्तीत तसा एखादा माणूस येण्याची वाट पाहत बसतो. गाडगेबाबांची पद्धत मला यासाठी फार मोलाची वाटते. ते दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत, आणि कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न अधिक विचारत. उत्तर समोरच्या बाया-माणसांच्या तोंडून यायचे.

वरळीच्या कोळी बांधवांनी सागरी किनारा रस्त्याच्या बाबतीत जे केले तेही आपल्या उपयोगाचे आहे. 'समुद्र आमची आई आहे' ही त्यांची भावना सर्वांनी आदराने ऐकून घेतली आणि काम चालू राहिले. त्यांनी आपले म्हणणे होडीच्या वाटेवर आणले: प्रवाह कुठून ओढतो, खडक कुठे आहेत, वारा असताना रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधून होडी काढायला किती जागा लागते. ६० मीटरचे अंतर पुरत नाही हे त्यांनी लावून धरले, आणि २०२२ च्या अखेरीस ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले. त्यांची मागणी त्याहून मोठी होती, ती पूर्ण झाली नाही. पण पिढ्यांच्या सांगण्यातले ज्ञान मीटरमध्ये आल्यामुळे एक खांब आराखड्यातून गेला.

आपल्या आजींच्या बाबतीत मी हेच करीन. त्यांना सभेत पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावू नका; चौथ्या वेळी त्यांनाही ती पाठ केल्यासारखी वाटू लागेल. त्यांची हरकत नसेल तर त्यांच्याबरोबर त्या जागी चालत जा. अमावास्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या दिवसांत, सकाळी सहा-सातच्या सुमारास पाणी सर्वांत लांब हटलेले असते, ती वेळ धरा. निवट्या कुठे मिळत, चिंबोरीची बिळे कुठे होती, होडी कुठपर्यंत येई, हे त्या बोटाने दाखवतील तसे नकाशावर मांडा, आणि त्यावर आपल्या डंपरच्या नोंदी तारीख-वेळेसह ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खारफुटीच्या नाशाला आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकामाला मनाई केली आहे. आजींच्या खुणांपासून भरावाचे अंतर किती, हे टेपने मोजून तक्रारीत लिहा, आणि विषयाच्या ओळीत 'तिवरे नष्ट झाल्याबाबत' असे न लिहिता 'नष्ट केल्याबाबत' असे लिहा. जाताना पायात गमबूट घाला, चिखलात शिंपल्यांच्या धारेने पाय कापतात. आजींचा हात धरायला त्यांच्या नातवाला किंवा नातीला बरोबर घ्या, आणि टेपचे दुसरे टोक त्यांच्याच हाती द्या.